भत्ता आधी, रक्कम मग

श्रीरामपूर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न.

भाऊबीजेला तू म्हणालास, "पेन्शन साडेसात हजार झाली की तुमचं भागेल." घर भरलेलं होतं म्हणून बोलले नाही, पण मला ते पटलेलं नाही.

यांचं पासबुक समोर आहे. साखर कारखान्यातून २०१३ साली निवृत्त झाले तेव्हा महिन्याला २,१४० रुपये जमा व्हायचे. गेल्या महिन्याची नोंदही २,१४० चीच. तुझ्या टपाल खात्याच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. कामगारांच्या घरात लागणाऱ्या वस्तूंचे भाव चढले की जानेवारी-जुलैत तोही चढतो. यंदाच्या जुलैपासून ५८ टक्के झाला. कोविडात तुमचे तीन हप्ते गोठवले, अठरा महिन्यांची थकबाकी गेली, त्याचा तुझा राग रास्तच आहे. आमच्या ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत, गोठवायला हप्ताच नाही.

या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, ती आजही तेवढीच. रुपयाची झीज सरकारला ठाऊक नाही असं कसं म्हणू? जुनं घर विकताना प्राप्तिकर खातं जो महागाई निर्देशांक धरू देतं, तो २०१४-१५ ला २४० होता, यंदा ३७६ आहे. त्या हिशेबानं तेव्हाचे हजार म्हणजे आजचे १,५६७ च्या आसपास. घर विकणाऱ्याला जी सूट, ती महिनाअखेरीस रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्याच आणणाऱ्या म्हाताऱ्याला नाही. हे मला सहन होत नाही, दादा.

पैसा कुठून आणायचा, असं तू विचारशील. आमच्या पेन्शन फंडात मालकाचे ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के येतात, तेही १५,००० च्या पगारापुरते. एवढ्यात भत्ता बसणार नाही. सरकारला आपला वाटा वाढवावाच लागेल. तो त्यानं वाढवावा.

आमच्या पेन्शनरांच्या मोर्चातली मागणी "साडेसात हजार अधिक महागाई भत्ता" अशी आहे. उद्या बोलणी झाली तर आकड्यावर घासाघीस होईल आणि भत्ताच आधी गळेल, याची मला धास्ती आहे. मी तर म्हणेन, चार हजार द्या, पण भावांना बांधून द्या. नुसते साडेसात हजार मिळाले, तर दहा वर्षांनी आमच्यामागचे लोक पुन्हा मोर्चात उभे राहतील.

खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा सोबत ठेवला आहे. त्यात भत्ता वर आणि रक्कम खाली लिहिली आहे. दिल्लीसाठी तेवढं हिंदीत करून दे, आणि तुमच्या पेन्शनर संघटनेचं पाठिंब्याचं पत्र मिळतं का बघ. वहिनींना नमस्कार.

तुझी,
शालू