न वाचलेली ओळ

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला, की तो माझ्यापुढे येतो. बँकेची नोटीस असो वा औषधाची चिठ्ठी, मी वाचीन ते खरे! या मोठेपणाचा मला अभिमान वाटे. गेल्या वर्षी त्या अभिमानाला तडा गेला.

आजीला डाव्या डोळ्याने दिसेनासे झाले, म्हणून मी तिला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी नेले. शेजारच्या काकूंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लख्ख दिसू लागले होते. आजीलाही तीच आशा. पण निघाला काचबिंदू. डॉक्टरांनी मला आत बोलावून समजावले: डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस निकामी होते, गेलेली दृष्टी परत येत नाही; मात्र रोज थेंब टाकले, तर उजव्या डोळ्याची उरलेली दृष्टी टिकवता येईल.

बाहेर आजी बाकावर पदराशी चाळा करीत बसली होती. “काय लिवलंय गं त्यात? दिसंल का मला पुन्हा?”

मी कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, “दिसेल की! थेंब तेवढे रोज टाकायचे.”

आजीचा चेहरा फुलला. परतीच्या गाडीत ती मला पेरू चारीत आली.

त्याच सत्रात आम्हांला नीतिशास्त्र होते. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ सालच्या एका निबंधात म्हटले आहे, की मारेकरी दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का?’ असे विचारू लागला, तरी खोटे बोलू नये! सारा वर्ग हसला. मीही हसले. मला जवळचा वाटला तो मिल. कृतीचे मोल तिच्यातून निपजणाऱ्या सुखावरून ठरते, हा त्याचा विचार. माझ्या खोट्याने आजी सुखी झाली, कुणाचे काही गेले नाही. मग पाप कसले? मी मनातल्या मनात मिलकडून निकाल लावून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून घरी गेले, तो थेंबांची बाटली कोनाड्यात धूळ खात पडलेली! आजी म्हणाली, “म्हैनाभर टाकलं. डाव्या डोळ्यानं काडीचं दिसंना. मग कशाला पैसं घालवायचं?”

तिचे काय चुकले? मी सांगितले ते तिने खरे मानले आणि त्यावरूनच औषधाची परीक्षा घेतली. उजवा डोळा राखणारे थेंब माझ्या गोड शब्दानेच बंद पाडले होते.

तेव्हा कान्टच्या निबंधातला पुढचा भाग आठवला. तुम्ही खोटे सांगावे, मित्र तेवढ्यात मागच्या दाराने निसटलेला असावा आणि मारेकऱ्याने त्याला वाटेत गाठावे, तर त्या मरणाचा दोष तुमच्याकडेही येतो! सगळा कान्ट मला आजही पटत नाही. मारेकरी आला, तर मी खोटे बोलेन. पण आजी मारेकरी नव्हती. ती स्वतःच्याच डोळ्याबद्दल विचारीत होती. मिलवरही ठपका ठेवता येत नाही. त्याने सर्व परिणाम मोजायला सांगितले. मी एका प्रवासापुरते सुख मोजले. आणि खरे बोचते ते वेगळेच. वाचता येणाऱ्या माणसाला मी असे फसवू शकले असते का? आजीला कुणी शाळेत घातले नाही, त्याचा फायदा घेणारी मी तिचीच नात!

त्या रात्री कागद काढून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे तवाच सांगितलं असतंस, तर थेंब कशाला सोडलं असतं मी?”

पुढच्या आठवड्यात पुन्हा दवाखाना गाठला. उजव्या डोळ्याचीही कडेची नजर थोडी गेली होती. ती आता येणार नाही.

परीक्षेत ‘कान्ट व मिल यांची तुलना करा’ असा प्रश्न आला, तर मी पाच-सहा मुद्दे लिहीन, गुणही पडतील. आजी आता न चुकता थेंब टाकून घेते. पण कुठलाही कागद वाचून मी घडी घालू लागले, की ती हळूच विचारते, “समदं वाचलंस नव्हं?”