पाना शाबूत, बोल्ट गोल

चांगलं हत्यार कशाला म्हणायचं, याचं माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं: जे तुटत नाही ते. मेंटेनन्स खात्यात नोकरी केलेल्या बहुतेकांचं तेच असतं. पान्यावर पाइप चढवून दोघे लोंबकळले तरी वाकला नाही, म्हणजे पाना चांगला. दुकानदारही त्याच भाषेत माल विकतो, ‘साहेब, नातवाला द्याल हा सेट.’ आणि कुणी हत्याराबद्दल कुरकुर केलीच, तर ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ माझ्या तोंडी तयार असायचं. हात चांगला असला की हत्यार कसंही चालतं, हे मी शिकाऊ पोरांना इतकं ऐकवलंय की त्यांतली काही आज भेटली की मलाच ते ऐकवतात.

आता मी तसं म्हणत नाही. हत्यार किती टिकतं, हा प्रश्न नंतरचा. ते ज्याला लावतो त्याचं काय करतं, हा पहिला. हलका पाना बहुधा तुटत नाहीच. तो बोल्टाचे कोपरे खातो आणि स्वतः धडधाकट राहतो. पुढे आपणच कौतुकाने म्हणतो, बघा, अजून आहे! तोवर त्याने किती नट गोल केले याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दोष जातो गंजाला, नाहीतर आधीच्या मेकॅनिकला.

मत फिरलं ते मात्र पान्यामुळे नाही, स्क्रूड्रायव्हरमुळे. निवृत्तीनंतर मला ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या मोटारसायकली उघडायचा नाद लागला. आरएक्स १०० च्या पिढीतल्या जपानी धाटणीच्या गाड्यांच्या इंजिन-कव्हरला स्टार स्क्रू असतात. ‘हे स्क्रू मऊच, खराब व्हायचेच’ अशी सगळ्यांची खात्री, माझीही. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडा हाणायचा, नाहीच ऐकलं तर छिन्नीने फिरवायचा, ही रीत ठरलेली. एका मित्राने त्याचा जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर पुढे केला. दिसायला माझ्यासारखाच. पण तो खाचेत असा बसला की हलेचना, आणि स्क्रू मुकाट्याने सुटत गेले. तेच इंजिन, तोच माझा हात.

नेहमीचा स्टार म्हणजे फिलिप्स. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये त्याची पेटंटं मिळाली. जपानी प्रमाणाच्या स्क्रूची फुली त्याच्यासारखी दिसते, पण खाचेच्या आतली गोलाई आणि खोली किंचित वेगळी असते. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत उतरत नाही. ते वरच अडकतं, आणि जोर लावला की खाचेचे काठ तासत बाहेर येतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका कोरलेला असतो. तो ठिपका मी नोकरीभर पाहिला आणि तो कशासाठी हे कधी विचारलं नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरने काम व्हायचं त्याचंही अर्धं कारण हेच असावं, घावाने टोक बळेच खाचेत बसवलं जातं.

मग पान्यांकडे त्याच नजरेने पाहू लागलो. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना ‘बसतो’, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. ही ०.३ ची ढिलाई हाताला जाणवतही नाही, पण सगळा भार नटाच्या बाजूंवरून सरकून कोपऱ्यांवर येतो, आणि कोपरा हीच नटाची सगळ्यात दुबळी जागा. बारा खाचांचा रिंग पाना अडचणीच्या जागी सोयीचा खरा, पण तोही कोपऱ्याच्या जवळच धरतो. गंजलेल्या किंवा आधीच खाल्लेल्या नटाला मी आता सहा बाजूंची गोटीच लावतो. मापांचा घोळ तर विचारू नका. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं जर्मन प्रमाणात १३ चं, जपानीत १२ चं. दहाच्या बोल्टाला जुनं जर्मन १७, नंतरचं आंतरराष्ट्रीय १६, जपानी १४. म्हणजे सेटमध्ये नग किती, हे मोजण्याआधी आपलं यंत्र कुठल्या घराण्यातलं ते पाहायला हवं. मी आयुष्यभर नग मोजले.

नवं नवं पटल्यावर माणूस वाहवत जातो. काही काळ मला जर्मन हत्यारांखेरीज काही दिसेना, आणि घरात त्यावरून बोलणीही खाल्ली. तो ज्वर उतरला. नाशिकला सातपूरमध्ये टपारियाचा कारखाना आहे, १९६९ मध्ये स्वीडनच्या बाहको कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. बाहको म्हणजे योहान्सन यांच्या १८९२ च्या पेटंटातला अॅडजस्टेबल पाना जगभर पोचवणारं नाव. टपारियाचे रिंग पाने माझ्या रोजच्या कामाला पुरतात, किमतीच्या मानाने उत्तम बसतात. (अॅडजस्टेबल पाना वापरायचाच, तर ओढ पक्क्या जबड्यावर येईल असा धरा. उलटा धरला की सरकता जबडा सैलावतो, आणि मग तोही कोपरे खातो.)

पैसे सगळीकडे सारखे ओतायचे नाहीत, एवढं मला आता कळतं. हातोडा आणि छिन्नी याबाबत माझं जुनं मत अजून शाबूत आहे. तिथे हातच महत्त्वाचा. कानशीही रत्नागिरी-चिपळूणला बनणाऱ्या जे. के. च्या घेतो आणि सुखी आहे. पण बोल्टाच्या किंवा स्क्रूच्या अंगाला जे भिडतं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, गोटी, पान्याचं तोंड, तिथे मी हात आखडत नाही. क्रोमची चकाकी आणि दांड्यावरचा ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा ठसा यावर भुलू नये. ठसा कुणीही मारतो, आणि पोलादाला पाणी कसं पाजलंय ते ठशातून दिसत नाही.

हत्यारं घ्यायला जाताना खिशात आपल्या गाडीचा एक कोरा बोल्ट आणि एक कोरा स्टार स्क्रू ठेवा. पाना बोल्टावर चढवून हलवून पाहा, खडखडला तर परत करा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर स्क्रू अडकवून तो आडवा धरा. चुंबक नसलेल्या टोकावरही स्क्रू थांबला, तर किंमत विचारा. पक्कड मिटून उजेडाकडे धरा, कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ती तार तोडणार नाही, चिरडेल. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.