उताराआधीचा गिअर

चढ गाडीचा कस पाहतो, उतार चालवणाऱ्याचा. कोलोरॅडोत मावसभावाच्या पिकअपमधून जाताना हे पटलं. मागे मुक्कामाचा ट्रेलर जोडलेला, मागच्या सीटवर त्याची लेकरं झोपलेली. ११,००० फुटांहून उंचावरच्या आयसेनहॉवर बोगद्यापर्यंत इंजिन विरळ हवेत धापा टाकत होतं. “आपा, खरी कसोटी आता,” तो म्हणाला. पुढे सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार. मागचं वजन गाडीला ढकलत राहतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले, तरी सतत दाबले तर तापून पकड सोडतात. रस्त्यालगत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीची चढण केलेली आहे. त्याने वेळीच खालचा गिअर टाकला, वेग आवरला. सफरची दुआ घरून निघतानाच पढली होती. तवक्कुल मला तिथे दिसला: दुआ निघण्याआधी, गिअर उताराआधी.