चिंचोक्याला कोणी विचारलं?

संभाव्यता शिकवायची तर खेळातून, एवढं माझं बरोबर होतं. आमच्या आष्टीत अष्टाचंगा घरोघरी ठाऊक. चार चिंचोके, एका अंगाने दगडावर घासून पांढरे केलेले. जितके पांढरे वर, तितकी घरं पुढे. चारही पांढरे म्हणजे चंगा, चारही काळे म्हणजे अष्टा. शिकवणीतल्या पोरांसाठी मी हा खेळ कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटमध्ये बसवला. काळा-पांढरा निम्मं-निम्मं धरलं. १०,००० फेकींत चंगा आणि अष्टा प्रत्येकी ६२५च्या आसपास, म्हणजे सोळात एक. 'बघा, आकडे खोटं बोलत नाहीत,' असं वर सुनावलंही.

आकडे कसले! मीच आत घातलेला निम्मा मला परत मिळाला होता. एका मुलीने विचारलं, "सर, मंग आमच्या घरी अष्टाच एवढा काऊन पडते?" तिला मी योगायोगावर व्याख्यान दिलं.

याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच. शीटमध्ये एफ-नाईन दाबलं की सगळ्या फेकी नव्याने पडतात. शंभर फेकींचा आलेख वेडावाकडा आला की मी ते बटण दाबत बसायचो आणि देखणा आलेख तेवढा वर्गात दाखवायचो. शंभर फेकींत आकडे किती हेलकावतात, ही खरी शिकायची गोष्ट; तीच मी झाकली.

शेवटी त्या मुलीने घरचे चिंचोके आणले. पांढरी बाजू सपाट, काळी फुगीर. त्यात एक जास्त घासलेला, एक जेमतेम. ओसरीवर फेकत गेलो, पाटीवर रेघा ओढत गेलो. पांढरं निम्म्याहून बरंच कमी पडत होतं. समजा, पांढऱ्याची शक्यता ४० टक्के आहे. मग चंगा शंभरात अडीच वेळा आणि अष्टा जवळपास तेरा वेळा, म्हणजे पाचपट! शक्यतेचा चारदा गुणाकार होतो, म्हणून गृहीतकातली लहानशी चूक एवढी फुगते.

मोजण्यावरून महाभारतातली एक गोष्ट आठवते. नलोपाख्यानातला राजा ऋतुपर्ण अयोध्येहून कुंडिनपूरला निघाला होता. ते आपल्या वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, असं मानतात. वाटेत त्याने बेहड्याच्या झाडाची पानंफळं किती, ते न मोजता सांगितलं. (जुने फासेही बेहड्याच्या फळांचेच.) सगळे त्याच्या विद्येचे गोडवे गातात. मला त्याच्या सारथ्याचं, नलाचं कौतुक वाटतं. द्यूतात राज्य घालवलेल्या त्या माणसाने रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजली.

आता पोरं आधी चिंचोके फेकतात. मोजून आलेला आकडा शीटमध्ये भरतात आणि तो किती फेकींवरून काढला, तेही शेजारी लिहितात. माझ्या जुन्या देखण्या आलेखांच्या झेरॉक्स कोणा विद्यार्थ्याकडे अजून असतील, तर कृपा करून फाडून टाका.