त्या दिवशीचा पेढा

२१ नोव्हेंबर २०१२, बुधवार. येरवड्याच्या कारागृहात सकाळी साडेसातला अजमल कसाबला फाशी दिल्याची बातमी पसरली, तेव्हा मी डोंबिवलीहून गाडीत चढत होतो. डब्यात पेढ्यांचा पुडा फिरत होता. तो फिरवणारे गृहस्थ २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर होते. दैव बलवत्तर म्हणून वाचले. त्यांच्या हातचा पेढा नाकारण्याचे धैर्य मला झाले नाही. घेतला, आणि न खाता खिशात ठेवला.

त्या हल्ल्यात हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासारखे अधिकारी गेले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे गेले. हातात केवळ लाठी असलेल्या या माणसाने कसाबच्या रायफलीची नळी घट्ट धरून ठेवली आणि गोळ्या आपल्या देहावर घेतल्या. म्हणूनच कसाब जिवंत सापडला, त्याला वकील मिळाला, विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला.

आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाहीत. संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडलीच पाहिजे. चौपाटीवरील पोलिसांनी त्या रात्री जे केले, ते विरोधी हिंसेच्या मर्यादेत बसते. ओंबळे यांच्या कृतीत तर मारणे नव्हतेच, धरून ठेवणे होते. परंतु चार वर्षांनंतर, हात बांधलेल्या माणसाला ठरलेल्या घटकेला फासावर चढवणे यांपैकी कशात बसते? मला त्याचे उत्तर संकल्पी असेच येत होते, आणि डब्यातील आनंदात ते उच्चारता येत नव्हते.

अलीकडे सोसायटीच्या एका कामासाठी ठाण्याच्या न्यायालयात गेलो, तेव्हा हा विचार पुन्हा जागा झाला. जवळच मध्यवर्ती कारागृह आहे. मूळचा तो किल्ला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथेच फाशी झाली. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटक पाहण्यास आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर त्यांनी गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचा जाणकार. त्याला ‘पंडित’ म्हणणारेही होते. परंतु बाबाराव सावरकरांवरील खटल्यामागेही तोच होता, आणि बाबारावांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या कलमाखाली! शाळेत मी कान्हेऱ्यांवर भाषण केले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या.

कान्हेरे आणि कसाब यांना एका तागडीत घालण्याचा माझा विचार नाही, हे सुज्ञ वाचक जाणतात. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर, लेकराबाळांवर गोळीबार करणारा निराळा. हा भेद माझ्या मनाला कळतो. पण तो कायद्याच्या भाषेत कसा उतरवावा? १९८० च्या बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरती राखली. गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या ज्या बाबी तेथे सुचवल्या गेल्या, त्यांत कर्तव्यावरील पोलीस किंवा लोकसेवकाची हत्या आहे. २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शाह यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने फाशी रद्द करण्याची शिफारस केली, मात्र दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. म्हणजे पैशासाठी किंवा सूडापोटी मारणारा वाचेल, राजकीय हेतूने मारणारा वाचणार नाही. असाच नियम १९१० मध्ये असता, तरी ठाण्याचे ते तिघे सुटले नसते. हेतूला नाव देण्याचे काम राज्यकर्ते करतात, आणि राज्य पालटले की नावही पालटते. म्हणूनच फाशीचा हा उरलेला अपवादही मला मान्य होत नाही. जन्मभर कोंडून ठेवा, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे मी आमच्या इमारतीतील एका निवृत्त हवालदारांना ऐकवले. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“शेठ, संवत्सरीला तुम्ही माफी मागता, ती ज्याला दुखावलं त्याच्याकडंच ना? मग माझ्याबरोबर बंदोबस्ताला उभा असलेला माणूस जमावानं मारला, त्याच्या वतीनं माफ करणारे तुम्ही कोण?”

“भाऊ, जन्मठेप म्हणजे माफी नव्हे,” मी म्हणालो.

“जन्मठेप तरी कुठं झाली? साक्षीदार फिरले, सगळे सुटले. परवा तुम्ही ज्या कोर्टात जाऊन आलात ना, तिथंच वहिनी अकरा वर्षं तारखांना जात होत्या.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. बोलण्यासारखे काही सुचेना, म्हणून मी त्यांना गाडीतल्या पेढ्याची हकिगत सांगितली.

भाऊ बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, “मीही आणले होते त्या दिवशी. अर्धा किलो. पहिला वहिनींकडे घेऊन गेलो.”

“मग?”

“त्यांनी घेतला नाही.”