एकाच वर्षाचे मॅट्रिक

परवा धाकट्या भावाकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या नातवाने कपाट उपसून एक जुनी फाइल बाहेर काढली होती. तीत आम्हा दोघांची शालान्त परीक्षेची प्रमाणपत्रं निघाली. आईने ती एकाच पिशवीत घालून ठेवली होती, ती तशीच राहिली. पोराने दोन्ही कागद वाचले आणि मला विचारलं, "मोठे आजोबा, तुम्ही दोघं जुळे होतात?"

"नाही रे. मी सव्वा वर्षाने मोठा."

"मग तुम्ही नापास झाला होतात?"

माझा भाऊ ताटात बघून हसला. पन्नास वर्षं तो असाच हसतो आहे. ह्या प्रमाणपत्रांवर दोघांचंही साल १९७५ आहे, आणि खुलासा करण्याची जबाबदारी मात्र जन्मभर माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली आहे.

तर खुलासा असा. तोवर आपल्याकडे मॅट्रिक म्हणजे अकरावी होती. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने घेतला, आणि मॅट्रिक एक इयत्ता खाली उतरलं. त्यामुळे १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी अशा दोन्ही तुकड्या एकदमच परीक्षेला बसल्या. राज्याच्या दृष्टीने हा शैक्षणिक प्रश्न होता. आमच्या पुण्यातल्या वाड्यातल्या दोन खोल्यांत मात्र तो एका टेबलाचा, एका दिव्याचा आणि दोन भावांचा प्रश्न झाला. मी अकरावीत होतो. धाकटा दहावीत.

एका घरात एकाच वर्षी दोन मॅट्रिक! आईला पाटावर बसवून लोक सांत्वन करून जात.

वर्षाची सुरुवातच वाकडी झाली. १९७४च्या मे महिन्यात ८ तारखेला रेल्वेचा संप सुरू झाला, तो २७ तारखेपर्यंत चालला. मामाकडे जाणं रद्द झालं. सुट्टीभर घरातच बसायचं तर अभ्यास तरी करा, असं अण्णांनी फर्मावलं. महागाई इतकी, की साखरेचा डबा उघडताना आई आधी देवाचं नाव घेई. रॉकेलच्या रांगेत माणसाऐवजी डबे उभे असत, आणि ते कुणी पुढेमागे सरकवू नयेत म्हणून डब्यांवर नजर ठेवायला मी उभा असे. इतिहासाचा बराचसा अभ्यास मी त्या रांगेत केला. पानिपतचं नाव निघालं की अजूनही मला रॉकेलचा वास येतो.

पुस्तकांतही भेदभाव. माझी सगळी पुस्तकं जुनी. शेजारच्या तीन मुलांच्या हातांतून उतरत आलेली. प्रत्येकाने आपल्या बुद्धीप्रमाणे समासात उत्तरं लिहिलेली, आणि तिघांचीही वेगवेगळी. धाकट्याचा अभ्यासक्रमच नवा, त्यामुळे त्याची पुस्तकं कोरी करकरीत. त्याच्या गणितात 'संच' नावाचं एक नवं प्रकरण होतं. एकदा चहाच्या वेळी त्याने साखरेच्या डब्यात डोकावून "रिक्त संच" असं जाहीर केलं. अण्णा महिनाभरात प्रथमच हसले.

आमच्या गणिताच्या सरांनी मात्र हसायला जागा ठेवली नव्हती. "लक्षात ठेवा," ते म्हणत, "ह्या वर्षी नापास झालात तर पुढच्या वर्षी शाळेत अकरावीच नाही. बसाल कुठे? मैदानात?" वर्गातली हुशार मुलं ह्यावर हसत. मी रोज जाता-येता मैदान बघून घेत असे.

डिसेंबरात प्रिलिम झाली. मला इंग्रजीत २८ आणि गणितात १९ मार्क पडले. प्रगतिपुस्तक मी तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी लपवलं. घरात एवढे तांदूळ एकदम लागणं त्या वर्षी शक्य नव्हतं, हा माझा हिशेब. पण डबा तळाला गेला होता. गणितात मी खरोखरच कच्चा होतो.

आईने प्रगतिपुस्तक झटकून, निवडून, अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी सही केली आणि पेनला टोपण लावलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याचं ते वय होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत होतं. दोघांच्या कॉलेजची फी एकदम कशी झेपायची, असं अण्णा म्हणत होते. आई म्हणाली, "एकाला टायपिंगच्या क्लासला घालू." कोणाला, ते तिने सांगितलं नाही. पण २८ आणि १९ची बेरीज तिलाही येत होती.

सकाळपर्यंत माझा निर्णय झाला होता. मी त्याग करणार होतो! धाकट्याने शिकावं, थोरल्याने नोकरी धरून घराला हातभार लावावा. ही कल्पना मला फार म्हणजे फारच आवडली. खरं कारण आज सांगायला हरकत नाही : तीत अभ्यास करावा लागत नव्हता.

अण्णा दाढी करत होते. मी गंभीर आवाजात माझा त्याग त्यांच्या कानावर घातला. त्यांनी गालावरचा साबण तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"नापासाला त्याग करता येत नाही," ते म्हणाले. "त्याच्याजवळ सोडायला काय असतं? आधी पास हो. मग काय सोडायचं ते सोड."

आणि त्यांनी दुसरा गाल करायला घेतला.

त्या संध्याकाळी मी बीजगणित उघडलं. दहा मिनिटांनी मिटलं. धाकटा समोरून बघत होता. वाडा निजल्यावर त्याने काही न बोलता आपली पाटी माझ्याकडे सरकवली आणि अवयव कसे पाडायचे ते दाखवलं. मग रोजच दाखवू लागला. लहान भावाकडून शिकणं म्हणजे काय, हे ज्याला मोठेपण आहे त्यालाच कळेल. तो "कळलं का, दादा?" असं विचारी, तेव्हा त्यातला 'दादा' मला टोचत असे.

एका रात्री वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. पेन्सिल त्याच्या हातात, आणि मी मान खाली घालून बसलेलो.

"काय रे, कोण कोणाला शिकवतंय?"

मी पांढराफटक पडलो. धाकट्याने वरही पाहिलं नाही. "दादा मला शिकवतोय," तो म्हणाला. "मला कळत नाहीये, म्हणून त्याला मान खाली घालावी लागतेय."

दुसऱ्या दिवशी वाडाभर माझं कौतुक झालं. त्यानंतर मात्र गणित न येणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

परीक्षा झाली. निकाल लागला तो जून महिना देश विसरणार नाही, कारण २५ तारखेच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. आमच्या घरात ती वर्षभर आधीच लागू होती, ती उठली. धाकट्याला फर्स्ट क्लास मिळाला. मला सेकंड क्लास, आणि गणितात ४१. अण्णांनी माझी गुणपत्रिका दोनदा वाचली. "हं," ते म्हणाले, "आता काय सोडतोस?"

मला काहीच सोडावंसं वाटेना.

सोडलं ते त्यांनीच. त्यांची संध्याकाळ सुटली. ऑफिसातून परस्पर ते एका दुकानात जमाखर्च लिहायला जाऊ लागले, आणि रात्री नऊला घरी येऊ लागले. टायपिंगच्या क्लासचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आम्ही दोघंही एकाच कॉलेजात गेलो. मी अकरावी पास होऊन पुढच्या वर्गात, आणि धाकटा, नव्या पद्धतीप्रमाणे, अकरावीत! "एक अकरावीतून सुटला आणि दुसरा अडकला," असं आई भेटेल त्याला सांगे.

माझी पुस्तकं विकायला मी अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने ती तराजूत टाकली. "हा कोर्स संपला. आता रद्दीचा भाव." मी सगळी दिली, फक्त बीजगणित परत घेतलं. त्याच्या समासात चौथं अक्षर होतं, लहान, तिरपं. आणि त्याची उत्तरं बरोबर होती.

हे सगळं त्या नातवाला कसं सांगायचं? मी म्हटलं, "नाही रे बाळा, नापास नव्हतो झालो. तुझ्या आजोबांना मी शिकवत होतो, म्हणून एक वर्ष थांबलो."

धाकट्याने ताटातून वर पाहिलं नाही.

"खरंय," तो म्हणाला. "मला कळतच नव्हतं."