रिकाम्या मैदानांची आठवण : जळगाव ते धुळे

खान्देशात पाहुणा म्हणून यायचे तर थंडीत यावे, असे इकडे सांगतात, आणि ते खरेच आहे. पौषात शेताच्या बांधावर भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात, कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास सुटतो आणि केळीच्या बागांतून येणारा वारा अंगाला गार लागतो. तरीही, वाचकहो, या खेपेस आम्ही तुम्हांला मार्च महिन्याचे आमंत्रण देत आहोत. ऊन तापू लागलेले असले तरी संध्याकाळ अजून सुसह्य असते. आणि त्या दिवशी भारताचा क्रिकेट सामना असला, तर जळगाव शहर आपणहून तुमच्याशी बोलू लागते.

रेल्वे स्थानकातून बाहेर पडा आणि टॉवर चौकाच्या दिशेने पायी चालू लागा. सराफ बाजारातील सोन्याची दुकाने, फुले मार्केटमधील कापडखरेदीची गर्दी, गोलाणी मार्केटमधील मोबाइलचे गाळे हे सारे ओलांडताना कोठेतरी एखाद्या दुकानदाराने दूरचित्रवाणीचा संच रस्त्याकडे वळवून ठेवलेला दिसेल. समोर दहा-बारा माणसे उभी असतात. त्यांत हमाल असतो, वकील असतो, शिकवणीहून परतणारी मुले असतात. कोणी ‘आबा’, कोणी ‘जिभाऊ’, कोणी नुसताच ‘भाऊ’. याहून अधिक ओळख लागत नाही. पहिला डाव संपला की चहा येतो, आणि फलंदाजीवरून निघालेले बोलणे पुष्कळदा करोनाच्या दिवसांवर येऊन थांबते. साथीचे नियम लोकांनी का पाळले आणि का मोडले, हे सभागृहातील व्याख्यानापेक्षा अशा घोळक्यात अधिक मोकळेपणाने ऐकू येते. तेवढ्यासाठी तुम्ही थोडा वेळ तेथे उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.

नियम एक, पंच अनेक

या गप्पांत एक प्रसंग वारंवार निघतो. मार्च २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट वर येऊ लागली होती. जळगाव शहरात रुग्ण झपाट्याने वाढत असल्याने १२ ते १४ मार्च असे तीन दिवस जनता संचारबंदी लागू झाली. एरवी रात्री उशिरापर्यंत गजबजणारे चौक ओस पडले, दुकानांची दारे खाली आली. नेमके याच दिवसांत, १२ आणि १४ मार्च रोजी, अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचे पहिले दोन टी-ट्वेंटी सामने झाले. लाखाहून अधिक क्षमतेच्या त्या मैदानात निम्म्या प्रेक्षकांना परवानगी होती. जळगावचा रसिक घरात कोंडलेला होता आणि पडद्यावर हजारो माणसे खांद्याला खांदा लावून ओरडत होती. पदार्पणातच ईशान किशनने अर्धशतक झळकावले ते याच दुसऱ्या सामन्यात. त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण आनंदाच्या पोटात एक प्रश्न होता. विषाणू जळगावात वेगळा आणि अहमदाबादेत वेगळा आहे काय?

त्याच १४ मार्चला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा व्हायची होती. ती पुढे ढकलल्याचे ११ मार्चला जाहीर झाले आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. परीक्षेस बंदी आणि सामन्यास मुभा, हे गणित तरुणांना सुटत नव्हते. त्यांचा राग केवळ आततायीपणाचा होता, असे म्हणता येणार नाही.

खेळाचा रसिक नियमांना कधीच परका नसतो. पंचाचे बोट वर गेले की आपला लाडका फलंदाजसुद्धा मुकाट्याने तंबूची वाट धरतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. तो हळहळतो, चरफडतो, पण निर्णय मानतो. का मानतो? कारण तोच नियम दोन्ही संघांना लागू असतो, निर्णय वेळेवर मिळतो, तो कशामुळे दिला हे समजते, आणि शंका आल्यास तिसऱ्या पंचाकडे दाद मागता येते. या चार गोष्टी जेथे असतात तेथे बंधन माणसाला जाचक वाटले तरी अपमानकारक वाटत नाही. साथीच्या काळात जेथे जेथे लोकांनी नियम झुगारले, तेथे यांपैकी एखादी गोष्ट हरवली होती का, हे पाहण्यासारखे आहे.

अर्थात घोळक्यात दुसरी बाजू मांडणाराही कोणी असतोच, आणि त्याचे म्हणणेही तुम्ही ऐकून घ्यावे. समोरच्या संघाचा गडी चुकीची धाव घेऊन बाद झाला, म्हणून आपणही धावबाद व्हायचे काय? दुसऱ्या गावाने गर्दी केली म्हणून आपल्या गावातील रुग्णालयांत खाटा वाढत नाहीत. पुढे काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. १६ मार्चपासूनचे उरलेले तीनही सामने प्रेक्षकांविना झाले. त्याच महिन्यात रायपूर येथे निवृत्त खेळाडूंची स्पर्धा प्रेक्षकांच्या साक्षीने पार पडली आणि नंतर सचिन तेंडुलकर, युसूफ पठाण, इरफान पठाण व बद्रीनाथ यांना संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. तेव्हा जळगावचे बंधन योग्यच होते, आणि जळगावकरांची तक्रारही योग्यच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढे त्या चर्चेतून हाती लागते.

बंद खोलीतील प्रेक्षक

आता थोडे स्वतःकडेही वळून पाहू. मैदानाची दारे बंद झाली तेव्हा रसिकांनी काय केले? पुष्कळांनी मित्राच्या घरी, वातानुकूलन असल्यास खिडक्या लावून, एका खोलीत दहा-पंधरा जणांनी सामना पाहिला. श्वसनमार्गाने पसरणारा विषाणू बोलताना, खोकताना आणि विशेषतः ओरडताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून फैलावतो. हवा खेळती नसेल तर हे तुषार खोलीतच तरंगत राहतात. उघड्या मैदानात गर्दीचा धोका असतोच. पण कोंदट खोलीत, मुखपट्टीवाचून, प्रत्येक चौकारावर एकत्र ओरडणे हे त्याहून सुरक्षित मुळीच नव्हते. नियम मोडल्याचे आपल्याला जाणवले नाही, कारण आपण ‘घरीच’ होतो.

रसिकांच्या प्रेमाची किंमत जगात इतरत्रही मोजावी लागली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी इटलीतील बेर्गामो शहराचे सुमारे ४० हजार फुटबॉलप्रेमी आपल्या अटलांटा संघाचा सामना पाहण्यास मिलान येथे गेले. पुढील काही आठवड्यांत बेर्गामो हे युरोपातील सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी एक ठरले, आणि तो सामना साथ पसरवणाऱ्या कारणांपैकी एक असावा, असे तेथील जाणकारांनी मानले. त्या रसिकांनी कोणताही नियम मोडला नव्हता. तसा नियमच तेव्हा नव्हता. निर्णय वेळेवर मिळणे किती मोलाचे असते, हे यावरून कळावे.

एरंडोल-पारोळ्याच्या वाटेने

जळगावहून धुळ्याकडे निघालात की एरंडोल आणि पारोळा ही गावे लागतात. दोन-अडीच तासांचा हा रस्ता आज सहज सरतो. पण साथीच्या पहिल्या आठवड्यांत जळगावच्या रुग्णांच्या घशातील स्रावाचे नमुने याच दिशेने धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे तपासणीसाठी जात, आणि इकडे घरोघरी माणसे अहवालाची वाट पाहत असत, हे मनात आणून खिडकीबाहेर पाहा.

२०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर चिंतेचा विषय झाला होता. रुग्ण फार उशिरा रुग्णालयात पोहोचतात, हे त्याचे एक कारण सांगितले जाई. उशीर का होई? आजाराचे भय होतेच; त्याहून मोठे भय गल्लीला पत्रे लागण्याचे, शेजाऱ्यांनी तोंड फिरवण्याचे आणि विलगीकरणात एकटे पडण्याचे होते. ताप अंगावर काढला जाई, खोकला दडवला जाई.

ही गोष्ट नवी नाही. २०२० मध्ये राज्याने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चा, प्लेगच्या काळातला. त्या वेळी पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या झडत्यांनी लोक इतके बिथरले, की अनेकांनी रुग्ण लपवले. खान्देशालाही प्लेगने सोडले नव्हते. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाईंचे वास्तव्य होते. त्यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. साथ हा शब्द आपण संख्यांनी मोजतो. घर मात्र ती एका लेकराच्या रूपाने जन्मभर सांभाळते. धाक वाढला की आजार लपतो आणि लपलेला आजार अधिक जीव घेतो, हा धडा सव्वाशे वर्षांत दोनदा गिरवून झाला आहे.

धुळ्याच्या तालमीत

धुळे हे दोन महामार्गांच्या तिठ्यावर वसलेले शहर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते येथे भेटतात. मे २०२० मध्ये उत्तरेकडे निघालेल्या मजुरांचे तांडे याच आग्रा रस्त्याने, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन चालत गेले. ‘घरी राहा’ हा नियम ज्यांना घरच नव्हते त्यांनी कसा पाळावा, या प्रश्नाला कोणत्याही आदेशात उत्तर नव्हते. रस्त्याकाठच्या गावांतील लोकांनी त्यांना भाकरी-पाणी दिले, हेच त्या दिवसांतले समाधान.

पांझरेच्या काठाने शहरात शिरलात की क्रिकेटइतकाच कुस्तीचा विषय निघेल. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेले आणि पुढे पोलीस अधिकारी झालेले विजय चौधरी हे शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे. त्यांचा अभिमान साऱ्या खान्देशाला आहे. खान्देशातील जत्रांत कुस्त्यांच्या दंगली भरतात, चैत्र-वैशाखात तर त्यांना विशेष जोर असतो. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी जत्रा थांबल्या. अंगाला अंग भिडवल्यावाचून कुस्ती होत नाही; त्यामुळे हे बंधन टाळता येण्यासारखे नव्हते. राज्यातील व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला उघडल्या. तोवर सात महिने लोटले होते.

कुस्तीचे चाहते या विषयावर बोलू लागले की आवाज खाली येतो. दंगलीतील इनामावर गरीब मल्लाचा खुराक चालतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च थांबत नाही. मिळकत मात्र थांबते. क्रिकेटचे मोठे खेळाडू सुरक्षित कवचात राहून, २०२० च्या सप्टेंबरात परदेशातील रिकाम्या मैदानांवर आयपीएल खेळू शकले. गावच्या मल्लाला तशी सोय नव्हती. नियम कागदावर सारखा असला तरी त्याचे ओझे सर्वांच्या खांद्यावर सारखे पडत नाही, हे येथे कळते. ज्याच्यावर ओझे अधिक, त्याला हात देणे हा नियमाचाच भाग मानला पाहिजे.

याच धुळ्याच्या कारागृहात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बंदिवास त्यांनी निवडलेला नव्हता; त्यातील दिवस कसे घालवायचे, हे मात्र त्यांनी ठरवले. टाळेबंदीत घराच्या गच्चीवर जोर-बैठका काढणाऱ्या पोरांनी आपल्या परीने तेच केले.

घरच्या मैदानावर

या प्रवासातून आपल्या कुटुंबासाठी काय न्यावे? पहिली गोष्ट, घरातील नियम सर्वांना सारखा ठेवा. मुलांना हात धुण्यास सांगणारे आजोबा स्वतः खोकत वाढदिवसाच्या पंगतीला गेले, तर मुले शब्द विसरतात आणि वागणे लक्षात ठेवतात. दुसरी गोष्ट, कारण सांगा. ‘बाहेर जाऊ नको’ यापेक्षा ‘आजीला दमा आहे, म्हणून आठवडाभर थांबू’ हे मुलाला अधिक पटते. तिसरी गोष्ट, आजार सांगणाऱ्याला रागावू नका. ताप आल्याचे लगेच सांगण्याची मोकळीक ज्या घरात असते, तेथे उपचार वेळेवर सुरू होतात.

विषाणूजन्य तापानंतर तरुण खेळाडूंनी मैदानावर परतण्याची घाई करू नये. ताप पूर्ण उतरून अशक्तपणा गेल्यावर, आधी चालणे, मग हलका व्यायाम, असे टप्प्याटप्प्याने वाढवावे. छातीत दुखणे, धडधड किंवा दम लागणे जाणवल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अशा आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते. दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागाने सुचवलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणी अनेकांना आठवत असेल. बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटे सपाट जागी चालायचे. प्राणवायूचे प्रमाण ९३ च्या खाली गेले किंवा फार दम लागला, तर वैद्यकीय मदत घ्यायची. घरातील मोठ्यांनी लसीकरण वेळेवर करून घ्यावे, हेही ओघाने आलेच.

एप्रिल २०२१ मध्ये आयपीएल चालू असतानाच रविचंद्रन अश्विन घरच्यांच्या आजारपणामुळे स्पर्धेतून बाजूला झाला. थोड्याच दिवसांत, ४ मे रोजी, स्पर्धाही थांबली. खान्देशातील रसिक त्याचे नाव काढतात ते केवळ बळींसाठी नव्हे.

पुढच्या सामन्याला तुमच्याकडेही मंडळी जमतील. त्यांना अवश्य बोलवा. कोणाला सर्दी-ताप असेल तर त्याने या वेळी घरूनच सामना पाहावा, असे मोकळेपणाने सांगा. उरलेल्यांसाठी खिडक्या सताड उघड्या ठेवा, आणि मग हवे तेवढे ओरडा.